इंग्रजी व्याकरणातलं अ‍ॅडव्हर्बियल शिकताय? आधी एवढंच बघा

प्रकारांची यादी पाठ करत बसू नका. अ‍ॅडजंक्ट, डिसजंक्ट, कंजंक्ट ही नावं सध्या बाजूलाच ठेवा. एखादं वाक्य घ्या आणि क्रियापदाला विचारा: कसं, कुठे, कधी, का, किती वेळा? उत्तर देणारा भाग म्हणजे अ‍ॅडव्हर्बियल. तो एकच शब्द असतो असं नाही. 'अ‍ॅट स्वारगेट' किंवा 'बिकॉज इट रेन्ड' हेही तेच काम करतात.

खरी गोची आहे जागेची. 'मी काल तिला डेक्कनला भेटलो' असं आपण सहज म्हणतो, वेळ आधी. इंग्रजीत सहसा कर्म, मग स्थळ आणि शेवटी वेळ: 'आय मेट हर अ‍ॅट डेक्कन येस्टरडे'. एवढं अंगवळणी पडलं तरी निम्मी लढाई जिंकलात.

या चुका हमखास होतात:

- 'आय लाइक व्हेरी मच मिसळ'. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये काही घुसवू नका. 'व्हेरी मच' शेवटी.
- 'आय टेक ऑलवेज द बस'. 'ऑलवेज' मुख्य क्रियापदाच्या आधी येतं. 'इज', 'आर' असेल तर मात्र नंतर: 'शी इज ऑलवेज लेट'.
- 'ही वर्क्स हार्डली'. इथे 'हार्ड'च हवं, 'हार्डली' म्हणजे 'जवळजवळ नाहीच'.

बसमध्ये दिसेल ते मनात इंग्रजीत म्हणून बघा. अडलं तर बिनधास्त विचारा.