वाचकांचे प्रश्न : भंडारदऱ्याचा मुक्काम आणि वळवाचा पाऊस

प्रश्न : गेल्या मे महिन्यात आम्ही घरची सगळी मंडळी भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूत मुक्कामाला गेलो होतो. शनिवारी दुपारी वादळ आले, तंबू उखडले आणि सत्तरी ओलांडलेल्या सासू-सासऱ्यांना रात्र गाडीत काढावी लागली. यंदा मेअखेरीस काजवे पाहण्यासाठी मुले पुन्हा तिथेच जायचे म्हणत आहेत. वळीव तासाभरात ओसरतो, त्याला काय भ्यायचे, असे माझे दीर म्हणतात. जावे की नाही? – एक भगिनी, ठाणे

उत्तर : वळीव तासाभरात ओसरतो, हे आपल्या दिरांचे म्हणणे बहुधा खरे असते, परंतु खरा धोका त्या तासाच्या अगदी आरंभी असतो. मान्सूनपूर्व दिवसांत तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वेगाने वर चढते, दुपारनंतर उंच ढग बांधले जातात, आणि ढगातून पाऊस उतरू लागला की त्याच्याबरोबर खाली येणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. त्यामुळे पहिला थेंब पडण्याआधीच सोसाट्याचा वारा सुटतो आणि उघड्या जलाशयावर त्याला अडवायला काहीच नसते. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. ती माणसे सहलीला निघाली नव्हती, रोजच्या वाटेने पलीकडच्या गावी जात होती, हे मला फार अस्वस्थ करते.

तेव्हा जरूर जावे, मात्र दिवसाची आखणी ढगांचे वेळापत्रक पाहून करावी. नौकाविहार सकाळीच उरकावा, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे, आणि दुपारनंतर आकाश स्वच्छ दिसले तरी पाण्यावर जाऊ नये. मेअखेरीस जलाशयाचे पाणी बरेच उतरलेले असते व उघड्या पडलेल्या काठावर गाळ असतो, म्हणून मुलांना एकटे काठाशी सोडू नये. मुक्कामासाठी या खेपेस पक्क्या भिंतींची खोली घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. मुलांना तंबूची हौस असेल तर तो सकाळी दोन-तीन तास उभारून खेळू द्यावा. उघड्या काठावर धातूचे खांब असलेला तंबू विजेपासून कसलेही संरक्षण देत नाही, आणि झाडाखालचा आसरा तर त्याहून घातक. पक्की इमारत जवळ नसेल तर काचा बंद केलेली, धातूच्या टपाची गाडी चालते. त्या अर्थाने गेल्या वर्षी आपण सासू-सासऱ्यांना गाडीत बसवलेत ते योग्यच झाले.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की अंतर साधारण किलोमीटरमध्ये कळते. हा अवकाश ३० सेकंदांहून कमी असेल तर तत्काळ आत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. मात्र डोंगरांत मोबाइलला सर्वत्र रेंज मिळेलच असे नाही, म्हणून हवामान खात्याचा अंदाज निघण्यापूर्वीच पाहून ठेवावा. यलो अलर्ट असेल तर वरीलप्रमाणे जाता येईल. ऑरेंज वा रेड असेल तर, आगाऊ रक्कम बुडाली तरी, तारीख पुढे ढकलावी.

काजव्यांची चिंता नसावी. ते अंधार पडल्यावर दिसतात, आणि तोवर वादळ बहुधा निघून गेलेले असते. पाऊस थांबून वारा पडला की हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर ते लुकलुकू लागतात. तिथे बॅटरी व गाडीचे दिवे बंद ठेवावेत.

प्रश्न : जुलैमध्ये भंडारदऱ्याला गेल्यास दोन्ही दिवस संततधार असते. मुलांना घेऊन खोलीत बसून काय करायचे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पाऊस उघडण्याची वाट पाहत बसू नये. वाट सुरू असल्याची गावात चौकशी करून, दिवसाउजेडी, पाऊस जरा कमी असताना, रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर पाहून यावे. तिथले कोरीव काम आणि पुष्करणी मुलांना निवांत दाखवता येते. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाची, म्हणजे भंडारदऱ्याच्याच धरणाची, भिंत व प्रवरा नदीवरील रंधा धबधबा कठड्याच्या आतूनच पाहावा. प्रवाहात मात्र कोणीही उतरू नये, पाणी घोट्याएवढे असले तरीही. डोंगरमाथ्यावर पडलेल्या पावसाचा लोंढा खाली ऊन असतानाही येऊ शकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. पाणी वाढले तेव्हा ती माणसे प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती.