तुकड्या पाडायला बसशील तेव्हा

अगं, सहावीच्या तुकड्यांचं काम तुझ्या गळ्यात पडलंय म्हणून घाबरू नकोस. गुणपत्रकं बघायची, पण मुलं मिसळण्यासाठी. 'अ'मध्ये हुशार आणि 'ड'मध्ये ढ, ही आपल्याकडची जुनी खोड. मी स्वतः 'ड'मधली. वर्गात शिरताना बाई सुस्कारा टाकायच्या, तो अजून कानात आहे.

आधी पाचवीच्या वर्गशिक्षिकांना गाठ. कोणाचं कोणाशी पटत नाही, जुळी एकत्र हवीत की वेगळी, हे कागदावर सापडत नाही. मग मुली आणि मुलगे यांचे गुणांनुसार दोन गठ्ठे कर आणि पत्ते वाटल्यासारखी नावं वाट: अ, ब, क, ड, पुढच्या फेरीत उलट, ड, क, ब, अ. उलटी फेरी विसरलीस की 'अ'ला दरवेळी वरचं पान मिळतं. शेवटी प्रत्येकाला निदान एक जुना सवंगडी राहिलाय ना, ते बघ. यातच खरा वेळ जातो.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या, २५ टक्के जागांवरची मुलं वेगळ्या तुकडीत काढायची नाहीत, नियमातच बसत नाही. सेमी इंग्रजीची तुकडी मात्र आपोआप 'हुशारांची' होऊन बसते. त्यावर माझ्याकडेही औषध नाही.

जूनमध्ये यादी लागली की पालक येतीलच. ऐकून घे, पण लगेच नाव हलवू नकोस. एक हललं की दुपारपर्यंत पार विरारच्या लोकलपर्यंत बातमी पोचते. अर्ज लेखी घे आणि पंधरा दिवसांनी बघू म्हण. तोवर निम्मे अर्ज पोरंच मागे घ्यायला लावतात.