पुण्यात नवा आलोय, कथा लिहितो. जावं कुठे आणि पाठवावं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरहून नोकरीसाठी येऊन दोन महिने झाले, खोली हिंजवडीजवळ, वहीत सात-आठ कथा पडून आहेत. पुण्यात साहित्याचे कार्यक्रम कुठे होतात, लिहिणं शिकायची आणि छापून यायची सोय कुठे आहे, आणि आपली भाषा इथे चालेल का?

मी २००९ मध्ये बार्शीहून आलो. पहिल्या वर्षी मी जे केलं ते आधी सांगतो, कारण ते तुम्ही करू नये असं मला वाटतं. सकाळी पेपरच्या पुण्याच्या पुरवणीतलं कार्यक्रमांचं सदर उघडायचं, पेनाने खुणा करायच्या आणि ऑफिस सुटलं की पीएमटी, म्हणजे शहर बस, धरून टिळक रोड. (नाव बदलून दोन वर्षं झाली होती, पण सगळे पीएमटीच म्हणायचे.) प्रकाशन समारंभ, सत्कार, स्मृतिव्याख्यान, परिसंवाद, जन्मशताब्दी. दीपप्रज्वलन, मग पंचवीस मिनिटांचं प्रास्ताविक, मग शाल-श्रीफळ, मग लेखकाचं मनोगत, आणि शेवटी 'वेळ बराच झालाय, त्यामुळे मी थोडक्यात बोलतो' म्हणून पाऊण तास बोलणारे अध्यक्ष. वर्षभरात एकोणीस लेखकांच्या सह्या जमल्या. कथा एकही झाली नाही. मजा अशी की रोज रात्री झोपताना आपण साहित्यात आहोत असं वाटायचं.

तरीही ठिकाणं माहीत हवीतच. टिळक रोडवर महाराष्ट्र साहित्य परिषद, म्हणजे मसाप. १९०६ साली स्थापन झालेली. तिच्या माधवराव पटवर्धन सभागृहात सतत काही ना काही चालू असतं, आणि बहुतेक वेळा आत जायला तिकीट नसतं. तिथून चालत हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृह. याच हिराबागेत १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं, ज्याच्या पुढच्या पिढ्या म्हणजे आजची साहित्य संमेलनं. नवी पेठेत गांजवे चौकात पत्रकार भवन आणि एस. एम. जोशी सभागृह जवळजवळच आहेत. एकीकडे कंटाळा आला तर दुसरीकडे डोकावता येतं, मी हे केलेलं आहे. शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच छोटा आहे, पण अभिवाचन ऐकायला त्याच्याइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. एप्रिल-मेमध्ये टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला असते, तीही रानड्यांचीच, १८७५ पासूनची. डिसेंबरात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा पुणे पुस्तक महोत्सव २०२३ पासून भरू लागला आहे. तिथे पगाराचं पाकीट घरी ठेवून जा.

तुमची अडचण वेगळी आहे. हिंजवडीहून संध्याकाळी सहाच्या कार्यक्रमाला टिळक रोडवर पोहोचायचं तर चारला निघावं लागेल, आणि तुमचा मॅनेजर लातूरचा नसणार. म्हणून कामाच्या दिवशी पेठांचा नाद सोडा. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह तुम्हाला जवळ पडेल, आणि मसापची पिंपरी-चिंचवड शाखाही आहे. पेठा शनिवार-रविवारसाठी ठेवा.

भाषेचं विचारलंत म्हणून. १८८५ च्या ग्रंथकार सभेचं बोलावणं रानड्यांनी जोतीराव फुल्यांनाही धाडलं होतं. जोतीरावांनी पत्र लिहून नकार कळवला: तुमच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा नि पुस्तकांचा मेळ मिळत नाही, अशा अर्थाचं. ते पत्र लिहिणारा माणूसही पुण्याचाच. या शहराला दोन्ही परंपरा आहेत, त्यामुळे 'लई' चं 'खूप' करत बसू नका. माझ्या पहिल्या कथेतली सगळी माणसं मी अशी बोलायला लावली होती, जणू ती सदाशिव पेठेत राहतात. बार्शीचा अडता 'मला असं वाटतं की' म्हणून वाक्य सुरू करतो हे ज्याने वाचलं तो पोट धरून हसला, आणि बरोबरच हसला.

आता मुद्द्याचं. कार्यक्रमात तुमची कथा कुणी वाचत नाही. लिहिणाऱ्याला कामाची जागा ती, जिथून कथा खुणा होऊन परत येते. अशा जागा पुण्यात आहेत, पण त्या पेपरात छापून येत नाहीत.

पहिली जागा संपादकाचं टेबल. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ साली मुंबईच्या 'मनोरंजन'ने सुरू केली, पण पुण्यातूनही बरेच निघतात: साधना, हंस, मोहिनी, नवल, मिळून साऱ्याजणी. मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीचा 'किशोर' आहे, १९७१ पासून. बाहेरून आलेल्यांना कळत नाही ती गोष्ट म्हणजे वेळापत्रक. अंक ऑक्टोबरात दिसतो, पण कामाला उन्हाळ्यातच सुरुवात होते आणि बहुतेकांची साहित्य घेण्याची मुदत जून-जुलैत संपते. गणपतीत पाठवलेली कथा म्हणजे पुढच्या वर्षीची कथा. युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल पाठवा. वहीच्या पानांचे मोबाईलवर काढलेले फोटो पाठवू नका. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. आणि पाठवण्याआधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन वर्षांचे अंक वाचा, जुन्या पुस्तकवाल्यांकडे ते मिळतात. मानधन कुठे मिळतं, कुठे फक्त अंक मिळतो. पहिली चार-पाच वर्षं त्यावर संसार चालणार नाही, हे हिंजवडीवाल्यांना सांगायला नको.

माझ्या तीन कथा एका ओळीने परत आल्या. चौथीबरोबर एका संपादकांची चिठ्ठी होती: 'शेवटची दोन पानं काढलीत तर कथा आहे.' दोन दिवस मी चिडून होतो. तिसऱ्या दिवशी ती पानं झाकून वाचून पाहिली. एकोणीस सह्या एकीकडे आणि ती चिठ्ठी एकीकडे.

दुसरी जागा रंगमंच. कथाकार याकडे का वळत नाहीत हे मला कधी कळलं नाही. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकात कॉलेजची मुलं भरत नाट्य मंदिरात एकांकिका करतात. तुमचं कॉलेज संपलंय, पण प्राथमिक फेरी बघायला जा. संवाद पडला की थिएटर कसं गार होतं, आणि लागला की काय होतं, हे पाचशे पानं वाचून कळणार नाही. मग एखाद्या हौशी ग्रुपला गाठा. राज्य नाट्य स्पर्धा आणि बाकीच्या एकांकिका स्पर्धा यांच्या आधी या लोकांना नव्या संहितेची भूक असते. 'संहिता आहे का?' हा प्रश्न मी पुण्यात 'जेवलास का?' पेक्षा जास्त वेळा ऐकलाय. तालमीत तुमचं वाक्य नटाच्या तोंडात अडकलं तर तो सरळ म्हणतो, हे बोलताच येत नाहीये. प्रयोगासाठी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा संहिता वेळेत पूर्ण करा, आदल्या आठवड्यात शेवट बदलू नका.

कार्यशाळांबद्दल माझं मत फार उत्साहाचं नाही. दोन दिवसांत 'कथा कशी लिहावी' शिकवणारं शिबिर करायला हरकत नाही. तिथे भेटणारी माणसं कामाची, टिपणं नाहीत. पटकथेत रस असेल तर फिल्म इन्स्टिट्यूटचे अल्पमुदतीचे कोर्स बघा, ते गंभीरपणे शिकवतात. कॅफेंमधले ओपन माइक इंग्रजी-हिंदीकडे झुकलेले असतात आणि तिथे टाळी फार लवकर पडते.

एका गोष्टीपासून मात्र जपा. पुढे एकदा मला 'प्रातिनिधिक कथासंग्रहा'त निवड झाल्याचा फोन आला. सहभाग शुल्क भरलं. सन्मानचिन्ह मिळालं, पुस्तकाच्या दहा प्रती मिळाल्या, त्यातल्या नऊ अजून माळ्यावर आहेत. दहावी आईने बार्शीत सगळ्यांना दाखवून दाखवून फाडली. छापण्यासाठी लेखकाने पैसे भरायचे हा धंदा मोठा आहे, आणि नव्याला तो निवडीसारखा वाटतो. घाईने स्वतःच्या पैशांनी पुस्तक काढण्याचा आणखी एक तोटा आहे: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देतं. हस्तलिखितं मागवून ती जाणकारांकडून तपासली जातात. पहिलं पुस्तक तुम्ही आधीच काढून बसलात तर ते दार बंद. वय तिशीच्या आत असेल तर तरुण लेखकांसाठीच्या पंतप्रधान युवा योजनेवरही नजर ठेवा. २०२१ च्या पहिल्या फेरीत निवडलेल्यांना सहा महिने दरमहा ५०,००० रुपये आणि मार्गदर्शक मिळाले होते. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंतच्या लेखकांना असतो, पण तो तुम्ही पुस्तक काढल्यानंतर बघू.

तिसरी जागा म्हणजे पाच माणसं. मला ती नवी पेठेतल्या एका कार्यक्रमानंतर चहाच्या टपरीवर मिळाली. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी विचारलं, 'रोज दिसता, लिहिता काय?' मी गप्प. ते म्हणाले, 'मग पुढच्या शनिवारी लिहून आणा.' तेव्हापासून आम्ही महिन्यातून एकदा बसतो. एकाने कथा मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी बोलायचं, आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड आहे. दोघे त्यापायी सोडून गेले.

म्हणजे सध्या जागा आहे. यायचं असेल तर मेसेज करा. कथा वहीतली चालेल, पण सहा झेरॉक्स काढून आणा, आणि शेवटची दोन पानं वेगळी पिन मारून.