लेटेक्सची ॲलर्जी आहे, दाताला तारा लावता येतील का? रबर वेगळे मिळतात का, खर्च किती वाढतो? घरचे म्हणतात थोडं सहन कर

लावता येतात की तारा. मी लावल्या, दोन वर्षं होत्या, दात सरळ झाले. पण तुमचं ते "घरचे म्हणतात थोडं सहन कर" वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. सहन अजिबात करायचं नाही. तार टाइट केल्यावर दात ठणकतात ते सहन करायचं, गाल सोलतो तिथं मेण लावायचं. ओठ सुजणं, टाळूला खाज, अंगावर गांधी उठणं हे त्यात बसतच नाही.

माझं सांगते. लहानपणी वाढदिवसाचे फुगे फुगवले की माझे ओठ जाड व्हायचे आणि शिकरण खाल्ली की घशात खवखवायचं. आमच्यात चतुर्थी असू दे, पाहुणे असू देत, शिकरण ठरलेली आणि ताटापुढं आत्याही ठरलेली. "पोरीच्या जातीला एवढी नाटकं बरी न्हवं, गिळ गप." मी गिळायची. मग पाणी पीत बसायची, आणि त्याचंही नाटकच व्हायचं.

चोविसाव्या वर्षी कोल्हापुरात राजारामपुरीत एका ठिकाणी तारा लावल्या. फॉर्मवर 'औषधाची ॲलर्जी आहे का' एवढंच होतं, मी 'नाही' लिहिलं, फुगा आणि केळं काय औषध आहे का. त्यानंतर दर महिन्याला तार टाइट करून आले की ओठांच्या कडा लाल, संध्याकाळपर्यंत खाज. डॉक्टर आधी म्हणाले तार घासत असेल, मग म्हणाले तारेतला निकेल धातू सोसत नसेल. ते बोलताना त्यांच्या हातात तेच पांढरे पावडरवाले ग्लोव्ह्ज असायचे, घालताना चटक आवाज यायचा आणि पावडर माझ्या ॲप्रनवर पडायची. त्याच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही.

आठव्या महिन्यात रबर दिले. झिपच्या इवल्या पुडीत पिवळसर बारक्या रिंगा, वरच्या सुळ्याच्या हुकापासून खालच्या दाढेपर्यंत दोन्ही बाजूला ताणून लावायच्या, फक्त जेवताना काढायच्या. दुपारी तिथंच आरशात बघून लावल्या, केएमटीच्या बसनं घरी येईपर्यंत टाळूला खाज सुरू, संध्याकाळी एक पापणी जड. जेवायला काढल्या तर अर्ध्या तासात बरं वाटलं आणि मी शहाणीनं जेवून परत लावल्या कारण डॉक्टरांनी बजावलं होतं की नेम चुकवला तर ट्रीटमेंट लांबते. दहाच्या सुमारास मनगटापासून दंडापर्यंत गांधी, आवाज घोगरा, श्वास घेताना छातीत शिट्टी वाजल्यासारखं. आई म्हणाली उष्णता झालीय, सब्जा भिजवते. आत्या नेमकी आमच्याकडंच होती, ती म्हणाली "झालं हिचं चालू". मी बेसिनपाशी रबर ओढून काढले, दादानं गाडी काढली.

दवाखान्यात सिस्टर ग्लोव्ह्ज घालून माझे ओठ बघायला वाकल्या आणि मला बोलताच येईना. त्यांचं मनगट धरून मी नुसतं त्या ग्लोव्हकडं बोट दाखवत होते. दादाला काय आठवलं कोण जाणे, तो ओरडला, "ताई, फुग्याचंच हाय ते, काढा आधी!" मग मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, आणि थोड्या वेळात श्वास मोकळा झाला. त्या एका वाक्यासाठी दादाला मी आयुष्यात काहीही माफ करेन.

नंतर सगळं उलगडलं. फुगा, ते ग्लोव्ह्ज, ते रबर, सगळं रबराच्या झाडाच्या चिकापासनं, म्हणजेच लेटेक्सपासनं. त्या चिकातली प्रोटीन्स अंगाला सोसत नाहीत, आणि केळं, किवी, पपई, अवोकाडो यांतली काही प्रोटीन्स त्यांच्यासारखीच असतात म्हणून लेटेक्सवाल्या बऱ्याच जणांना ही फळंही सोसत नाहीत. डॉक्टरांकडं याला लेटेक्स-फ्रूट सिंड्रोम असं नावच आहे. म्हणजे शिकरणीचं नाटक नव्हतं. पावडरचंही तसंच, ग्लोव्हमधलं प्रोटीन तिला चिकटून हवेत उडतं, अमेरिकेत जानेवारी २०१७ पासून पावडरवाल्या मेडिकल ग्लोव्ह्जवर बंदीच आहे.

आणि लेटेक्सची ब्लड टेस्ट करायला गेले तर रक्त काढणाऱ्या मुलानं दंडाला बांधायला रबरी नळीच काढली! कागदावर लेटेक्स लिहिलेलं, तरी. मी कुर्त्याची बाही खाली ओढून तिच्यावरनं ओढणीनं दंड बांधायला लावला. तेव्हापासनं मी कुणाच्या भरवशावर राहत नाही. ग्लोव्ह्जचा बॉक्स बघायला मागते. 'पावडर फ्री' म्हणजे लेटेक्स फ्री नव्हे, 'हायपोॲलर्जेनिक' (ॲलर्जी कमी होते म्हणे) हा शब्द तर बिनकामाचा, बॉक्सवर नायट्राइल (झाडाच्या चिकाशिवाय केलेलं कृत्रिम रबर) किंवा लेटेक्स फ्री छापलेलं पाहिजे. ज्या डॉक्टरला हे विचारलेलं आवडत नाही त्याच्याकडं जाऊ नका. मी बदलले. दुसऱ्या मॅडमनी सकाळची पहिली वेळ दिली, दिवसभराचे ग्लोव्ह्ज उघडायच्या आधीची, आणि माझ्या फाइलवर लाल पेननं लिहून ठेवलं.

रबराचं म्हणाल तर नॉन-लेटेक्स मिळतात. ते लवकर ढिले पडतात म्हणून जास्त वेळा बदलावे लागतात, मी दिवसातनं तीनदा बदलत होते, तुमचं डॉक्टर सांगतील तसं. दाताला चिकटवलेल्या ब्रॅकेटवरच्या रंगीत रिंगा आणि चेन बहुतेक पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या असतात, तरी विचारा. पुढं कधी रूट कॅनाल करायची वेळ आली तर दाताभोवती रबर डॅम नावाचा पडदा लावतात, तोही नॉन-लेटेक्सचा मागायचा.

हे आधी लिहायला पाहिजे होतं, मी डॉक्टर नाही. प्रत्येक खाज म्हणजे माझ्यासारखं नसतं. एक-दोन दिवसांनी नुसती कातडी लाल होऊन सोलत असेल तर ते बऱ्याचदा रबरातल्या केमिकलचं असतं, त्याची पॅच टेस्ट (कातडीवर पट्टी चिकटवून बघतात ती) वेगळी आणि ती केमिकल्स नायट्राइलमध्येही असू शकतात. निकेलचंही खरंच असतं काहींना. तेव्हा माझं वाचून घरी ठरवू नका, ॲलर्जीच्या डॉक्टरला दाखवा. आणि केळं सोसत असेल तर उगाच सोडू नका, लेटेक्सवाल्या सगळ्यांनाच त्याचा त्रास होतो असं नाही.

पण घरच्यांना सांगा की सोसत नाही म्हणजे सोसत नाही. रिपोर्ट आल्यावर मी तो आत्याच्या हातात दिला. तिला इंग्रजी येत नाही, दादानं वाचून दाखवला, ती काही बोलली नाही. पुढच्या चतुर्थीला सगळ्यांना शिकरण वाढली आणि माझ्या ताटात खीर. माफी मागितली नाही, अजूनही नाही. मला ती हवी होती, खरं सांगते, अजून हवी आहे.

खर्चाचं राहिलंच. तारेचे पैसे काही वाढले नाहीत, रबराच्या पुड्या थोड्या महाग पडल्या. मी जायची त्या क्लिनिकमध्ये त्या कायम नसायच्या, मागवल्या की आठवडाभर लागायचा, म्हणून पुडी अर्धी झाली की लगेच सांगत जा.