वेस्ट बँकेतल्या छोट्या धार्मिक ज्यू वसाहतीत शब्बाथला (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी) बाबागाडी रस्त्यावर नेता येते का?

येते, पण वसाहतीचा 'एरुव', म्हणजे तिच्याभोवतीचा धर्मनियमानुसारचा सलग वेढा, त्या आठवड्यात शाबूत असेल तरच. हलाखा, म्हणजे ज्यू धर्मनियम, शब्बाथला घराबाहेर काही उचलून वा ढकलून नेऊ देत नाही; सलग वेढलेला भाग मात्र एका घरासारखा धरतात. त्यासाठी सगळ्या घरांच्या नावे सामायिक मात्झा, म्हणजे बिनखमिराची पोळी, हीही ठेवतात. वेढ्याचं काम बऱ्याचदा सुरक्षा-कुंपणच भागवतं. मीटरभर उंची पुरते. गोची होते फाटकाशी. साधारण 5 मीटरहून रुंद मोकळ्या जागेवर दोन खांब आणि त्यांच्या माथ्यावरून जाणारी तार हवी. तार खांबाच्या कडेला बांधली, तर एरुव बाद! वाऱ्याने ती निसटतेही, म्हणून दर शब्बाथपूर्वी फेरी मारून तपासतात. काही वसाहतींना कुंपणच नसतं. तिथे सगळी मदार खांब-तारेवर.