रॉक गिटारवादकाने ग्रीक पुराणकथेवर केलेला ऑर्केस्ट्राचा अल्बम खरंच ऐकण्याजोगा आहे का?

जेनेसिस या बँडचा जुना गिटारवादक स्टीव्ह हॅकेट याच्या 'मेटामॉर्फियस' (2005) बद्दल तुम्ही विचारलं आहे. हा अल्बम मनापासून केलेला आहे की नावाजलेल्या रॉक कलाकाराची हौस, आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा गंध नसलेल्या माणसाला त्यातलं काही कळेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

नक्की ऐका. हा अल्बम मला फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. दोन गोष्टी मात्र आधीच सांगतो. हा अल्बम ज्या ग्रीक कथेवर आहे ती ऑर्फियसची कथा माहीत करून घेतल्याशिवाय ऐकायला बसू नका. आणि इलेक्ट्रिक गिटार आता येईल, मग येईल अशी वाट बघू नका, कारण इथे सगळी मदार नायलॉनच्या तारांच्या गिटारवर आहे.

हौसेची शंका का चुकीची, ते पाहू. हॅकेट 1971 मध्ये जेनेसिसमध्ये आला आणि 1977 मध्ये बाहेर पडला. 1972 च्या 'फॉक्सट्रॉट' अल्बमची दुसरी बाजू त्याच्या 'होरायझन्स' या पावणेदोन मिनिटांच्या एकट्या गिटारच्या तुकड्याने सुरू होते. त्याची प्रेरणा जर्मन संगीतकार बाखने एकट्या चेलोसाठी (व्हायोलिनच्या कुळातलं खर्जाचं वाद्य) लिहिलेल्या पहिल्या सुईटच्या प्रील्यूडची, म्हणजे सुरुवातीच्या तुकड्याची. पाठोपाठ तेवीस मिनिटांचं 'सपर्स रेडी' येतं, आणि तरीही तो छोटा तुकडा लोकांच्या लक्षात राहिला. स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियाने गिटारवर वाजवलेला बाख ऐकून आपण या वाद्याच्या प्रेमात पडलो, हे हॅकेटने अनेकदा सांगितलं आहे. 1983 मध्ये त्याने 'बे ऑफ किंग्ज' हा निव्वळ नायलॉन गिटारचा अल्बम केला, 1988 मध्ये 'मोमेंटम' आणि 1997 मध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'वर एक अख्खा अल्बम. म्हणजे 'मेटामॉर्फियस'पर्यंत पोहोचायला त्याने तीसेक वर्षं घेतली.

ग्रीक कथाही त्याला नवी नव्हती. जेनेसिसबरोबरचा त्याचा पहिला अल्बम 'नर्सरी क्राइम' (1971). त्यातलं शेवटचं गाणं 'द फाउंटन ऑफ सॅल्मसिस' प्राचीन रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस' या काव्यग्रंथातल्या कथेवर आहे आणि त्याच्या अखेरीस हॅकेटची इलेक्ट्रिक गिटार आकाशाला भिडते. ऑर्फियसची कथाही ओव्हिडने त्याच ग्रंथात पुढे सांगितली आहे. तेव्हा एकवीस वर्षांचा असलेला पोरगा पन्नाशी ओलांडल्यावर त्याच ग्रंथाकडे परतला, आणि या वेळी अँप्लिफायर घरी ठेवून.

आता कथा. ऑर्फियस हा थ्रेसचा गायक, काव्यदेवता कॅलिओपीचा मुलगा. तो लायर हे तंतुवाद्य छेडून गायला लागला की जनावरं जवळ येत, झाडं सरकत. त्याची बायको युरिडिसी साप चावून मरते. तो तिला आणायला जिवंतपणी पाताळात उतरतो. नावाडी केरॉन त्याला नदीपार नेतो, तीन डोक्यांचा कुत्रा सर्बेरस गाणं ऐकून शांत होतो, मृतांचा राजा हेडीज आणि राणी पर्सेफनी यांनाही पाझर फुटतो. तिला घेऊन जा म्हणतात, पण एका अटीवर: वर पोहोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. उजेड दिसायला लागतो आणि तो वळतो. ती कायमची जाते. पुढे मद्यदेवतेच्या बेभान भक्तिणी त्याचे तुकडे करतात, त्याचं शिर हेब्रस नदीतून गात गात वाहत जातं आणि त्याचं लायर आकाशात तारकासमूह होतं. आपण ज्याला स्वरमंडल म्हणतो, ज्यात आपला अभिजित आहे, तोच हा तारकासमूह.

आपल्याकडे महाभारताच्या आदिपर्वात रुरु आणि प्रमद्वरेची कथा आहे. तिथेही नवरी साप चावून मरते. रुरु आपलं अर्धं आयुष्य देतो आणि ती उठून बसते. ग्रीक कथेत असा सौदाच नाही. ऑर्फियसकडे देण्यासारखं एकच आहे, त्याचं वाजवणं. ते पुरेसं ठरतं आणि तरीही तो हरतो. म्हणून ही कथा संगीतकारांना सोडवत नाही. 1607 मध्ये माँतेव्हर्दीने तिच्यावर ऑपेरा केला, 1762 मध्ये ग्लुकने केला, 1850 च्या दशकात लिस्टने ती निव्वळ ऑर्केस्ट्रासाठी लिहिली.

या सगळ्यांच्या रांगेत हॅकेटचं वेगळेपण कुठे? माझ्या मते एकाच गोष्टीत: त्याने गिटारचा अशक्तपणा लपवला नाही, त्यालाच नायक केलं. नायलॉन गिटार हे ऑर्केस्ट्रासमोर फार बारीक आवाजाचं वाद्य. तार छेडली की स्वर उमटतो आणि लगेच विरायला लागतो. व्हायोलिनवाल्याला गज फिरवत स्वर हवा तेवढा धरता येतो, गिटारवाल्याला तशी सोयच नाही. स्पॅनिश संगीतकार रॉद्रिगोने 1939 मध्ये गिटारसाठी 'आरांख्वेस'चा कंचेर्तो (एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना) लिहिला, तेव्हा गिटार वाजत असताना बाकी वाद्यं विरळ ठेवण्याची किती काळजी घेतली, हे ऐकताना आजही जाणवतं. रॉकवाल्यांची वाट बहुतेक वेळा उलटी असते. 1969 मध्ये डीप पर्पल या रॉक बँडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिकबरोबर कंचेर्तो केला. त्यात बँड आणि ऑर्केस्ट्रा एकमेकांसमोर उभे ठाकतात. मला तोही आवडतो, पण त्यातली मजा झुंजीची आहे. ऑर्फियस पाताळात झुंजायला जात नाही. तो हळू आवाजात मागणं मागायला जातो. त्याच्यासाठी याहून योग्य वाद्य कुठलं असणार?

मी स्वतः नायलॉन तारांची गिटार वाजवतो, म्हणून एक गोष्ट जवळून सांगतो. यात प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची चकती, नसते. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका तारेला आधी बोटाच्या मांसल टोकाने भिडतात आणि नखावरून सुटतात. नख जरा खडबडीत असलं तरी स्वर खरवडल्यासारखा येतो, म्हणून वाजवणारे नखांना बारीक पॉलिश पेपर मारत बसतात. तोच स्वर ब्रिजजवळ (तारा जिथे गिटारच्या अंगाला बांधलेल्या असतात तिथे) छेडला तर धातूसारखा टणक लागतो, आणि हात गिटारच्या भोकापाशी किंवा त्याहून वर मानेकडे नेला तर गोल, मऊ होतो. हॅकेटचा हात ऐकताना याकडे लक्ष द्या. एकच ओळ तो पहिल्यांदा टणक आणि दुसऱ्यांदा मऊ वाजवतो तेव्हा काहीतरी बदललं असं वाटतं, पण स्वर तेच असतात. इलेक्ट्रिक गिटारवर हे काम पायाखालच्या पेडलकडे देता येतं. इथे ते मनगट दोन-चार इंच सरकवून होतं.

आता ऐकायचं कसं. पंधरा तुकडे आहेत आणि सगळं मिळून तासाच्या आत संपतं. पहिल्या तुकड्याचं नाव आहे 'स्मृतीचा डोह आणि विस्मृतीचा डोह'. हे नाव हवेतून आलेलं नाही. दक्षिण इटली, थेसाली आणि क्रीट इथल्या प्राचीन कबरींत सोन्याचे छोटे पातळ पत्रे सापडले आहेत, आणि त्यांचा संबंध ऑर्फियसच्या नावाने चालणाऱ्या पंथाशी जोडला जातो. त्यावर मेलेल्या माणसासाठी सूचना कोरल्या आहेत: वाटेत पांढऱ्या सायप्रसपाशी एक झरा लागेल, कितीही तहान लागली तरी त्याचं पाणी पिऊ नकोस. पुढे जा, स्मृतीच्या डोहाचं पाणी माग, आणि राखणदारांना सांग की मी पृथ्वीचं आणि तारांकित आकाशाचं लेकरू आहे. कथेची सुरुवात लग्नापासून किंवा सापापासून न करता हॅकेट इथून करतो, ही निवड मला फार मोलाची वाटते. पुढचं सगळं आठवण ठेवण्याबद्दल आहे, हे पहिल्याच नावात ठरून जातं.

त्यानंतर काही वेळ मोकळेपणाचा आहे. निसर्ग, फूल, नाच. स्टीव्हचा भाऊ जॉन हॅकेट बासरी वाजवतो. तिच्याकडे कान ठेवा. मग येतं 'दॅट व्हास्ट लाइफ', बारा मिनिटांचा, अल्बममधला सगळ्यात लांब तुकडा. पहिल्यांदा ऐकताना तो रेंगाळतोय असं वाटेल, पण वगळू नका. युरिडिसीचा मृत्यू त्याच्या लगेच पुढे आहे. जगण्याला बारा मिनिटं दिली आणि मृत्यू दोन मिनिटांच्या आत उरकला. दुःख या प्रमाणातच आहे.

त्यापुढे नावं वाचत वाचत ऐका: केरॉनची हाक, शांत झालेला सर्बेरस, मागे वळणं, मोडलेलं लायर, ताटातूट, विलापिका. यातला सर्बेरसचा तुकडा माझा सगळ्यात लाडका. तीन डोक्यांच्या राक्षसी कुत्र्यावर लिहायचं म्हटलं की कुणीही ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) आणि नगारे आणेल. हॅकेटने तिथे गिटार ठेवली, कारण त्याला कुत्रा दाखवायचा नव्हता, कुत्र्याला जे ऐकू आलं ते दाखवायचं होतं.

उणिवाही सांगायला हव्यात. या अल्बमवर वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्राचं 'अंडरवर्ल्ड ऑर्केस्ट्रा' हे नाव मोठं असलं तरी वादक मोजके आहेत. रॉजर किंगसारखा कसलेला सहकारी सोबतीला असूनही जिथे पाताळाचा अवाढव्यपणा हवा तिथे आवाज कधी कधी अपुरा पडतो, आणि एखाद-दुसरा तुकडा चित्रपटाच्या पार्श्वसंगीताकडे झुकतो. कंचेर्तोसारखी बांधीव रचना शोधणाऱ्याला हे सुटे सुटे प्रसंग वाटतील. माझ्या मते कथा ओळीने सांगायची असल्यामुळे ही चाल योग्यच आहे, पण तक्रार अगदीच बिनबुडाची नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, कळेल का. कळेल. सोनाटा म्हणजे काय, मोड्युलेशन म्हणजे काय हे माहीत असण्याची इथे गरज पडत नाही. आपण रागसंगीत ऐकणारे असू तर एक अडचण मात्र येते. आपला कान एका षड्जाच्या आधाराने बसतो, आणि इथे तो आधार दर थोड्या वेळाने हलतो. सुरुवातीला पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं. तेव्हा वरच्या सुरावटीचा नाद सोडून खालच्या चेलो आणि डबल बासवर लक्ष ठेवा. जमीन कुठे सरकली ते तिथे कळतं. हेडफोन लावा, कारण फोनच्या स्पीकरवर हे दोन्ही ऐकूच येत नाहीत.

आवडला तर पुढे 'बे ऑफ किंग्ज' घ्या, तिथे गिटार जवळून ऐकता येईल. मग 'मिडसमर नाइट्स ड्रीम', कारण पूर्ण ऑर्केस्ट्रा पाठीशी असताना हाच माणूस काय करतो ते त्यात आहे. त्यानंतर माँतेव्हर्दीचा 'ऑर्फेओ', भाषांतर समोर ठेवून. आणि नायलॉन गिटारमध्ये जीव रमलाच नाही तर 'फाउंटन ऑफ सॅल्मसिस' लावा. ओव्हिड तोच, गिटारवादक तोच, आणि तुम्ही ज्या आवाजाची वाट बघत होतात तो तिथे पुरेपूर मिळेल.