पासिंगच्या आधी

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

पाठवलेली दोन्ही कोटेशनं पाहिली. एक बाणेरच्या शोरूमचं, नव्या हॅचबॅकचं. दुसरं नगर रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या डीलरचं, २०२१ च्या सेदानचं. कुठली घेऊ, असं विचारतोस. ते तुझा खिसा आणि रोजचा हिंजवडीचा ट्रॅफिक ठरवेल. मला सांगायचंय ते वेगळंच आहे: कुठलीही घे, पण कामाचा क्रम चुकवू नकोस. नव्या गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओतली नोंदणी, होईपर्यंत आणि जुन्या गाडीचे शेवटचे पैसे तुझ्याकडे असेपर्यंतच तुझ्या शब्दाला वजन असतं. त्यानंतर "साहेब मीटिंगमध्ये आहेत" सुरू होतं.

आधी नवी गाडी. कोटेशनची खालची ऑन रोड रक्कम बघू नकोस, एकेक ओळ वाच. एक्स-शोरूम किंमत, म्हणजे रोड टॅक्स आणि इन्शुरन्स सोडून असलेली, कंपनीच्या वेबसाइटशी जुळव. रोड टॅक्सवर वाद घालण्यात अर्थ नाही. पेट्रोल गाडी, किंमत १० लाखांच्या आत आणि स्वतःच्या नावावर घेतली तर महाराष्ट्रात ११ टक्के, म्हणजे ८ लाखांवर ८८ हजार. ऑफिसच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर सोड, कंपनीच्या नावाला टॅक्स २० टक्क्यांवर जातो.

खरी गंमत त्याखालच्या ओळींत आहे. 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक्स', 'एसेन्शियल किट', टेफ्लॉन कोटिंग. गाडी यार्डातून शोरूमला आणणं हे विक्रेत्याचंच काम आहे, त्याचे वेगळे पैसे कशाला? ती ओळ खोडायला सांग, शांतपणे आणि ई-मेलवर. किटमध्ये मॅट, मडफ्लॅप आणि सीट कव्हर असतात. हवे असतील तर बाहेरून घे.

इन्शुरन्सच्या ओळीत सगळ्यात जास्त पैसे वाचतात. नव्या गाडीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) सक्तीचा आहे, ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) एक वर्षाचा घेतला तरी चालतो. तो डीलरकडूनच घ्यावा असा कुठलाही नियम नाही. बाहेरचं कोटेशन मागताना मात्र आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, तीच ठेव आणि झीरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणारं), इंजिन प्रोटेक्ट वगैरे अ‍ॅड-ऑनही तेच घे, नाहीतर तुलना फसवी होते. "मग डिस्काउंट कमी होईल" हे ऐकायला मिळेलच. म्हणून डिस्काउंट, एक्स्चेंज बोनस आणि इन्शुरन्स हे तिन्ही आकडे सुटे लिहून घे. एकत्र बोलणी केली की एका खिशात घालतात आणि दुसऱ्यातून काढतात. बुकिंगचे पैसे डीलरच्या कंपनीच्या खात्यातच भर, सेल्समनच्या यूपीआयवर एक रुपयाही नको. पावतीवर बुकिंग रद्द केल्यास किती कापणार ते लिहून घे.

आता पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी. ती शोरूमच्या झगमगाटात नाही, यार्डात, दिवसाउजेडी करायची, आणि पूर्ण पैसे भरायच्या व पासिंगच्या आधी. चॅसिस नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा, फोटो काढ. गाडी कुठल्या महिन्यात बनली ते चॅसिस नंबरच्या अक्षरांत दडलेलं असतं, पण प्रत्येक कंपनीचा कोड निराळा. सोपा मार्ग म्हणजे फॉर्म २१, डीलरचा विक्रीचा दाखला, त्यावर महिना आणि वर्ष दोन्ही छापलेलं असतं. जानेवारीत घेतलेली डिसेंबरची गाडी विकताना एक वर्ष म्हातारी धरली जाते, तेव्हा तेवढी सूट आत्ताच माग. टायरवर शेवटचे चार आकडे बघ: १४२५ म्हणजे २०२५ चा १४ वा आठवडा. स्टेपनीसह पाचही टायर जवळपासच्या आठवड्यांतले हवेत. काचांच्या कोपऱ्यातले कोडही एकमेकांशी जुळायला हवेत. एकच काच वेगळी निघाली तर ती का बदलली ते विचार. छत आणि बॉनेटवर तिरपा प्रकाश पाडून रंग बघ. एसी, सगळ्या पॉवर विंडो, दोन्ही चाव्या, जॅक-पाना तपास. काही खटकलं तर दुरुस्ती मान्य करू नकोस, दुसरी चॅसिस, म्हणजे दुसरी गाडीच माग. नंबर पडला की ती गाडी कागदोपत्री तुझी झाली आणि शोरूमला ती नवी म्हणून दुसऱ्याला विकता येत नाही. मग बदलून कोण देतंय?

मुहूर्ताचं एक सांगतो. दसरा-पाडव्याला एकेका शोरूममधून दिवसभर गाड्या निघत असतात, पेढे वाटायचं काम तपासणीआधी होतं. भाव पितृपक्षात ठरव. तेव्हा शोरूम ओस असतं आणि मॅनेजर स्वतः खुर्ची सरकवून देतो. पीडीआय डिलिव्हरीच्या तीन-चार दिवस आधी उरक, नारळ दसऱ्याला फोड. आईही खूश.

जुनी गाडी घेणार असशील तर भावाच्या आधी एक हिशोब डोक्यात ठेव. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी २८ टक्के आणि वर सेस होता. डीलर "नवी एवढ्याला पडते" म्हणत जुनी किंमत दाखवत असेल, तर आजची दाखवायला सांग. तुझी सेदान याच मापात बसते.

मग कागद. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, इन्शुरन्स चालू आहे का ते बघ. ई-चलन वेगळं तपास, पुण्यातल्या गाडीवर दहा-बारा चलनं साचलेली असणं नवल नाही. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २९ बी. ते माग. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९ सी वर होते, तीही माग. दोन्ही नसेल तर समोरचा माणूस निव्वळ मध्यस्थ आहे, मग मूळ मालकाला भेटल्याशिवाय पैसे देऊ नकोस. सही केलेले कोरे टीटी फॉर्म, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, "सगळं तयार आहे" म्हणून पुढे करतील. त्या कागदांवर गाडी वर्षभर मूळ मालकाच्या नावावर पडून राहू शकते, आणि इन्शुरन्सचा क्लेम आला की नावाचा घोळ तुझ्या गळ्यात. दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त वाटेल, पण तिथल्या आरटीओची एनओसी आणून इथे रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तो धरून किंमत काढ.

गाडीकडे बघताना चकाकी विसर. दरवाजा उघड, चौकटीवरचं रबरी बीडिंग बोटाने ओढून काढ. खाली पत्र्यावर स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके दिसायला हवेत, सारख्या अंतरावर, रांगेत. ते गुळगुळीत, बुजलेले किंवा वाकडेतिकडे असतील तर दरवाजाच्या चौकटीचा तो खांब कापून जोडलाय. बॉनेटखाली फेंडरचे बोल्ट बघ. कडेचा रंग खरवडलेला असेल तर पान्याने उघडलेत. रंगाची जाडी मोजायचं मीटर मेकॅनिककडे असतं. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या दरवाजावर २५० आला तर रंग मारलाय, ५०० च्या वर गेला तर आत पुट्टी आहे. बंपर घासून रंगवलेला असणं पुण्यात गुन्हा नाही, त्यावर फार घासाघीस करू नकोस. खांब आणि पुढची चेसी (सांगाडा) मात्र तपासल्याशिवाय सोडू नकोस.

पाण्यात बुडालेली गाडी ही इथली खास भानगड. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याला पूर आला, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं. अशा गाड्या धुऊन, सुकवून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. मधल्या भागात गाळाची रेघ किंवा वेगळा रंग दिसला तर आणखी पुरावा नको. सीटखालच्या रुळांचा गंज, डॅशबोर्डखालचे स्क्रू, डिकीत स्टेपनीच्या खळग्यातली माती, हेडलाइटच्या आतलं बाष्प बघ. आत पर्फ्यूमचा भपका जरा जास्तच येत असेल तर नाक उघडं ठेव.

मीटर मागे घेणं हा जुना उद्योग. २०२१ ची गाडी, मीटर २६ हजार आणि टायर २०२४ चे? एवढ्या लवकर चारही टायर कशाला बदलले? ब्रेक पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज बघ. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड मालकाकडून काढून घे, त्यातले किलोमीटर क्रमाने वाढायला हवेत. क्लच तपासायला हँडब्रेक ओढ, तिसरा गिअर टाक आणि क्लच सावकाश सोड. गाडी बंद पडली तर ठीक, इंजिन चालूच राहिलं तर प्लेट संपलीय. हे एकदाच करायचं, उगाच पुन्हा पुन्हा नाही. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय, अशी गाडी सोडून दे.

लोनचा आकडा बघ. डीलर "फक्त ९ टक्के" म्हणाला तर फ्लॅट (व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की रिड्यूसिंग (व्याज उरलेल्या रकमेवर), एवढंच विचार. ६ लाख, ५ वर्षं: रिड्यूसिंगने हप्ता १२,४५५ च्या आसपास, फ्लॅटने १४,५००. पाच वर्षांत सव्वा लाखाचा फरक, आणि सांगताना आकडा तोच.

आरसी तुझ्या नावावर होईपर्यंत २०-२५ हजार हातात ठेव आणि तशी अट पावतीवर लिहून घे. पॉलिसी १४ दिवसांत नावावर कर. मालकाचा नो क्लेम बोनस मालकासोबत जातो, त्यामुळे प्रीमियम थोडा वाढेल. जुना फास्टॅग काढून नवा लाव. डीलर शब्द फिरवायला लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. पण तिथे तुझे ई-मेल आणि पावत्याच बोलतील, फोनवरचं बोलणं नाही.

शनिवारी सेदान बघायला जाणार आहेस ना? सकाळी सातला जा आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नका, असं आदल्या दिवशीच सांग. पोचल्यावर कुणाशी बोलायच्या आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर गार इंजिन सुरू होतानाची खोड लपवायला आधीच चालवून ठेवलंय असं समज, गोड बोलून परत ये आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा.

तुझा,
मामा